विश्लेषण : गाडीत बाहेरून बसवलेली टचस्क्रीन किती सोयीची, किती धोक्याची?

नवी गाडी घेताना सर्वात स्वस्त श्रेणी निवडायची आणि वाचलेल्या पैशांतून बाहेरून टचस्क्रीन स्टिरिओ बसवून घ्यायचा, हा मध्यमवर्गीय घरांतला रुळलेला हिशेब आहे. दहा-बारा वर्षे जुनी गाडी असलेलेही तेच करतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्यातील नाना पेठ असो वा तालुक्याच्या गावातील अ‍ॅक्सेसरीजचे दुकान, दोन-तीन तासांत काम होते आणि नकाशा, फोन, गाणी व मागचा कॅमेरा एकाच पडद्यावर येतात. मात्र याच दोन-तीन तासांत गाडीचे वायरिंग, बॅटरी, वॉरंटी आणि चालकाचे लक्ष यांच्याशी संबंधित अनेक निर्णय होऊन जातात. बहुतेक वेळा ते ग्राहक घेत नाही, कारागीर घेतो. ते निर्णय कोणते आणि त्यांचे परिणाम काय, याविषयी...

डिन आणि डबल डिन म्हणजे काय?

डॅशबोर्डमधील रेडिओच्या खाचेचे माप जर्मनीच्या मानक संस्थेने ठरवले. डिन हे त्या संस्थेच्या नावाचेच लघुरूप. दर्शनी भाग १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असेल तर ते सिंगल डिन. उंची दुप्पट, म्हणजे १०० मिलिमीटर असेल तर डबल डिन. पुढे हेच माप आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकात आले. त्यामुळे अनेक वर्षे कोणत्याही कंपनीचा रेडिओ कोणत्याही गाडीत बसत असे. सात इंचांच्या आसपासची टचस्क्रीन डबल डिन खाचेत सहज मावते.

गेल्या काही वर्षांत मात्र वाहन कंपन्यांनी ही चौकट सोडली. पडदा, एसीची बटणे, घड्याळ आणि धोक्याचे चारही दिवे लावणारा स्विच हे सारे एकाच पॅनेलमध्ये येऊ लागले. त्यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे गाडीच्या मॉडेलनुसार बनवलेली प्लास्टिकची ‘फ्रेम’. तिच्यात नऊ वा दहा इंचांची स्क्रीन बसते आणि मागे छोटा डबा राहतो. स्क्रीनइतकेच महत्त्व या फ्रेमला आहे. ती नेमक्या मॉडेलची आणि नेमक्या वर्षाची नसेल तर फटी राहतात आणि पहिल्या खड्ड्यापासून खडखड सुरू होते. मोठ्या स्क्रीनच्या हौसेपायी एसीच्या जाळ्या झाकल्या जाणे किंवा धोक्याच्या दिव्यांचा स्विच स्क्रीनमागे दडणे, हे तर सरळ सुरक्षेशी खेळणे आहे.

अँड्रॉइड स्टिरिओ आणि अँड्रॉइड ऑटो यांत फरक काय?

दुकानात सर्वाधिक गोंधळ याच दोन नावांवरून होतो. अँड्रॉइड स्टिरिओ म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला एक टॅब्लेट. त्याचा स्वत:चा प्रोसेसर, रॅम आणि साठवण असते, त्यात अ‍ॅप्स टाकता येतात आणि इंटरनेटसाठी त्याला सिमकार्ड वा फोनचा हॉटस्पॉट लागतो. अँड्रॉइड ऑटो ही वेगळी गोष्ट आहे. गुगलने ती २०१४ मध्ये जाहीर केली आणि २०१५ मध्ये वापरासाठी आणली. त्यात सारे काम फोन करतो, गाडीतील स्क्रीन केवळ फोनचा मजकूर दाखवते. आयफोनसाठी अ‍ॅपलने आणलेली कारप्लेही अशीच चालते.

फरक केवळ तांत्रिक नाही. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेमध्ये कोणते अ‍ॅप दिसावे, अक्षरे किती मोठी असावीत, चालत्या गाडीत टंकलेखन करता यावे की नाही, यावर बंधने आहेत. चालकाचे लक्ष कमीत कमी विचलित व्हावे हा त्यामागचा हेतू. अँड्रॉइड स्टिरिओला असे बंधन नसते. त्यावर फोनवरचे कोणतेही अ‍ॅप चालते, चित्रपटही चालतो.

दुसरा फरक टिकण्याचा. फोन दर तीन-चार वर्षांनी बदलतो आणि त्याबरोबर अँड्रॉइड ऑटोही ताजे होते. अँड्रॉइड स्टिरिओमधील प्रणाली मात्र बहुधा खरेदीच्या दिवशी असते तिथेच थांबते. दोन जीबी रॅमचा स्वस्त डबा पहिले सहा महिने बरा चालतो आणि नंतर नकाशा उघडतानाच अडखळतो. खोक्यावर छापलेली रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती दर वेळी खरी असतेच असे नाही. सेटिंगमध्ये दिसणारा आकडाही बदलून ठेवता येतो. अनेक स्वस्त डबे स्वत:चे वेगळे अ‍ॅप वापरून कारप्लेसारखी सोय देतात. ती चालते, पण फोनच्या नव्या अपडेटनंतर बंद पडली तर दाद मागायला कोणी नसते. म्हणून वैशिष्ट्यांची यादी वाचण्याऐवजी दुकानात स्वत:चा फोन जोडून नकाशा, गाणे आणि कॉल एकाच वेळी चालवून पाहणे हीच खरी चाचणी.

जोडणी नेमकी कशी होते?

जुना स्टिरिओ काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवणे हे पहिले काम. मधल्या पॅनेलच्या आसपास एअरबॅगचे वायरिंग असू शकते आणि त्याचे जोड साधारणपणे पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, हा कारागिरीतला पहिला धडा. त्यानंतर पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने उचलतात. पेचकसाने उचकटले की कडांवर कायमचे ओरखडे राहतात.

मागे येणाऱ्या वायरींचा संकेत बहुतेक नामवंत कंपन्यांत सारखा आहे. पिवळी वायर थेट बॅटरीची, म्हणजे किल्ली बंद असतानाही तिच्यात वीज असते. लाल वायर किल्ली फिरवल्यावरच चालू होते. काळी अर्थिंगची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरच्या, आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती त्या स्पीकरची ऋण बाजू. निळी वायर अँटेनाच्या वर्धकाला वीज देते. अनेक गाड्यांच्या छतावरील छोट्या अँटेनात असा वर्धक असतो. ही एक वायर जोडायची राहिली की नव्या महागड्या स्टिरिओवर एफएम खरखरते आणि दोष स्टिरिओला दिला जातो. स्वस्त डब्यांत रंगांचा हा संकेत पाळला जाईलच याची खात्री नाही, तिथे डब्यावर चिकटवलेला तक्ताच पाहावा लागतो.

स्टीअरिंगवरील बटणांचीही अशीच गोष्ट. अनेक गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळा विद्युतरोध असतो आणि एक-दोन वायरींवरून कोणते बटण दाबले ते कळते. नव्या स्टिरिओला ही बटणे एकेक दाबून ‘शिकवावी’ लागतात. काही गाड्यांत मात्र हा संदेश कॅन-बस या जाळ्यातून जातो. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गाडीतील वेगवेगळे संगणक दोनच तारांवरून एकमेकांशी बोलतात. अशा गाडीला त्या मॉडेलचा कॅन-बस डीकोडर, म्हणजे दुभाषाचे काम करणारी छोटी डबी, घ्यावीच लागते.

वायर कापली तर काय बिघडते?

गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये थेट बसणारा कपलर त्या-त्या मॉडेलसाठी मिळतो. त्याचा खर्च स्टिरिओच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. तरीही कपलर हाताशी नसला की मूळ सॉकेट कापून वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळण्याची सवय अनेक दुकानांत आहे. टेपचा डिंक उन्हाने वितळतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड ६५-७० अंशांपर्यंत तापू शकतो, हे लक्षात घेतले तर ती टेप किती काळ टिकेल याचा अंदाज येतो. मग वायर उघडी पडते आणि बॉडीला टेकते. थेट बॅटरीच्या वायरीवर योग्य क्षमतेचा फ्यूज नसेल तर पुढचा टप्पा वायर जळण्याचा असतो. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे ही दुरुस्ती नाही. फ्यूज स्टिरिओचे नव्हे तर वायरीचे रक्षण करण्यासाठी असतो, आणि वायर तीच राहते.

वायर कापण्याचा दुसरा तोटा काही वर्षांनी कळतो. गाडी विकताना मूळ स्टिरिओ परत बसवायचा असेल तर सॉकेटच शिल्लक नसतो. विजेच्या कोणत्याही बिघाडावर सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला कापलेली वायर पुरेशी ठरते.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

स्टिरिओ बसवल्यावर महिनाभराने येणारी ही सर्वात सामान्य तक्रार. पिवळी वायर सतत चालू असते, कारण वेळ, सेटिंग आणि जपून ठेवलेली स्थानके तिच्यामुळे टिकतात. बंद स्टिरिओने या वायरीतून फारच थोडी वीज घ्यायची असते. पण किल्ली काढल्यावर लगेच सुरू व्हावे म्हणून अँड्रॉइड डबे पूर्ण बंद न होता झोपेच्या अवस्थेत जातात. ती झोप नीट लागली नाही, किंवा कारागिराने लाल आणि पिवळी वायर एकत्र जोडली, तर डबा आतून जागाच राहतो.

याचे गणित सोपे आहे. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. उभ्या गाडीत स्टिरिओ केवळ ०.३ अँपिअर वीज घेत राहिला तर दिवसाला सात अँपिअर-अवरहून अधिक खर्च होतो. पाच दिवसांत बॅटरी रिकामी, आणि स्टार्टर फिरेनासा होण्यासाठी ती पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही. रोज कामाला जाणाऱ्याला हा दोष कळत नाही. गणपतीत गाडी सोसायटीत ठेवून रेल्वेने कोकणात गेलेल्याला परतल्यावर कळतो. बसवल्याच्याच दिवशी, किल्ली काढून अर्ध्या तासाने, मल्टिमीटर लावून किती वीज जाते ते मोजून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. मोजमाप काही मिलिअँपिअरच्या घरात असेल तर चिंता नाही.

‘५० वॉट गुणिले चार’ हा आकडा खरा किती?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या या आकड्याला भौतिकशास्त्राची मर्यादा आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि गाडीच्या स्पीकरचा रोध साधारण चार ओम असतो. स्टिरिओतील वर्धक विजेचा दाब वेगळ्या पद्धतीने वाढवत नसेल, तर स्वच्छ ध्वनिलहरीसाठी एका स्पीकरला मिळू शकणारी कमाल ताकद आदर्श स्थितीतही सुमारे २६ वॉट भरते. प्रत्यक्षात ती १५ ते २० वॉटच्या आसपास राहते. ५० वॉटचा आकडा येतो तो लहरीचे माथे पूर्ण सपाट झाल्यावर, म्हणजे आवाज फाटल्यावर. तेव्हा अधिक आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ नाही. चांगला आवाज हवा असेल तर तो पैसा पुढच्या दोन स्पीकरवर आणि दाराच्या आतील पत्र्याचा कंप थांबवण्यावर खर्च केला तर कानाला फरक कळतो.

हँडब्रेकच्या वायरीला एवढे महत्त्व का?

बहुतेक नामवंत कंपन्यांच्या टचस्क्रीनमागे एक फिकट हिरवी वायर असते. ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच पडद्यावर चित्रफीत दिसते, गाडी सुटली की चित्र बंद होऊन केवळ आवाज राहतो. ही वायर म्हणजे उत्पादकाने चालकासाठी बांधलेले कुंपण आहे.

ते कुंपण तोडायला काही सेकंद पुरतात. वायर हँडब्रेकपर्यंत न नेता तिथेच बॉडीला अर्थ केली की हँडब्रेक कायम ओढलेला आहे असे स्टिरिओ समजतो. अनेक दुकानांत हे विचारताही केले जाते. कारण दोन आहेत. वायर हँडब्रेकपर्यंत न्यायला मधला कन्सोल उघडावा लागतो, तो वेळ वाचतो. आणि ‘व्हिडीओ का चालत नाही’ म्हणून ग्राहक परत येत नाही. स्वस्त अँड्रॉइड डब्यांत तर हे बंधन सेटिंगमधील एका खुणेवर असते आणि ती खूण बहुधा काढलेलीच मिळते.

मागे बसलेल्या मुलांसाठी व्हिडीओ हवा, असे समर्थन केले जाते. पण पुढच्या डॅशबोर्डवरील पडदा मुलांपेक्षा चालकाच्या जवळ असतो. मुलांसाठी हवा असेल तर मागच्या सीटसाठी वेगळी स्क्रीन मिळते. चालत्या गाडीत समोर हलते चित्र असताना त्याकडे पाहायचेच नाही, हा निश्चय कोणाही माणसाच्या डोळ्यांना पाळता येणारा नाही.

नजर हटली तर किती फरक पडतो?

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतील पडद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कोणतेही काम असे असावे की एका वेळी रस्त्यावरून नजर दोन सेकंदांहून अधिक हटू नये आणि पूर्ण कामाला मिळून १२ सेकंदांहून अधिक लागू नयेत, असे त्यात म्हटले आहे. दोन सेकंद क्षुल्लक वाटतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते. समृद्धी महामार्गावरील १२० च्या मर्यादेला हेच अंतर ६६ मीटर होते. एवढे अंतर गाडी कोणी पाहत नसताना कापलेले असते.

ब्रिटनमधील टीआरएल या संशोधन संस्थेने आयएएम रोडस्मार्ट या रस्ता सुरक्षा संस्थेसाठी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्शाने अँड्रॉइड ऑटो वापरणाऱ्या चालकांचा प्रतिसाद ५३ टक्क्यांनी, तर कारप्ले वापरणाऱ्यांचा ५७ टक्क्यांनी मंदावल्याचे त्यात दिसले. आधीच्या अभ्यासांत मद्याच्या कायदेशीर मर्यादेवर असलेल्या चालकांसाठी हा आकडा १२ टक्के होता. आवाजी आज्ञेने हीच कामे केली तेव्हा विलंब कमी झाला, पण संपला नाही. म्हणजे लक्ष कमीत कमी विचलित व्हावे या हेतूने बनवलेल्या प्रणालींचीही ही स्थिती आहे. चित्रपट दाखवणाऱ्या पडद्याची गोष्ट तर दूरच.

स्वीडनच्या ‘वी बीलएगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये बटणे आणि टचस्क्रीन यांची तुलना केली. ताशी ११० किलोमीटर वेगाने एसी, रेडिओ अशी चार साधी कामे करायची होती. २००५ च्या जुन्या व्होल्वोत, जिथे साऱ्या गोष्टींना बटणे होती, १० सेकंद लागले. सर्वात मंद ठरलेल्या नव्या गाडीत हीच कामे पूर्ण होईपर्यंत गाडी एक किलोमीटरहून अधिक पुढे गेली होती. बटण बोटांना न पाहता सापडते, काच सापडत नाही, हे त्याचे कारण. युरो एनकॅप या सुरक्षा मूल्यांकन संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन संपर्क यांसाठी प्रत्यक्ष बटणे वा दांडे नसतील तर पूर्ण गुण न देण्याचे धोरण स्वीकारले आहे. आवाजासाठी बाजूला गोल बटण असलेला स्टिरिओ घेणे आणि स्टीअरिंगवरील बटणे जोडून घेण्याचा आग्रह धरणे, हे या साऱ्याचे घरगुती तात्पर्य.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात बदल म्हणजे त्याच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल. स्टिरिओ बदलणे त्यात मोडत नाही, त्यामुळे टचस्क्रीन बसवणे बेकायदा नाही. प्रश्न वापराचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येत हातात धरून वापरायच्या संपर्क साधनांचा समावेश झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी अशा साधनाला मुभा दिली.

डॅशबोर्डमध्ये बसवलेली स्क्रीन ‘हातात धरलेली’ नसते, ही पळवाट अनेकांना सोयीची वाटते. पण याच कलमात सक्षम आणि सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या दर्जापेक्षा फारच खालच्या पातळीचे वाहनचालन हेही धोकादायक मानले आहे. मार्च २०२५ मध्ये ई-शिवनेरी बसचा चालक वाटेत मोबाइलवर क्रिकेट सामना पाहत असल्याची चित्रफीत प्रवाशांनी समोर आणली आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. तो पडदा फोनचा होता. तोच सामना डॅशबोर्डवरील नऊ इंची पडद्यावर पाहिला असता तर धोका कमी झाला नसता. फरक इतकाच, की खासगी गाडीत चित्रफीत काढायला प्रवासी नसतात. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यातील किती जणांच्या चालकाची नजर पडद्यावर होती, हे पंचनाम्यात सहसा येत नाही.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

बाहेरून स्टिरिओ बसवला म्हणून संपूर्ण गाडीची वॉरंटी जाते, हे सरसकट खरे नाही. इंजिनातील दोषाचा स्टिरिओशी संबंध नसतो. मात्र विजेच्या यंत्रणेतील बिघाडाबाबत कंपनी हात वर करू शकते आणि वायर कापलेली असेल तर तिची बाजू बळकट होते. म्हणून कपलरने जोडणी केल्याचा उल्लेख असलेले, जीएसटीसह पक्के बिल हा पहिला पुरावा.

विम्यातही हीच नोंद लागते. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी पॉलिसीत वेगळी तरतूद असते. भारतीय मोटार टॅरिफमध्ये त्यासाठी उपकरणाच्या किमतीच्या चार टक्के हप्ता ठरवलेला होता. त्या हिशेबाने २० हजारांच्या स्टिरिओसाठी वर्षाला ८०० रुपये. नोंद न केल्यास चोरी वा अपघातात स्टिरिओची भरपाई मागता येत नाही. आग लागली आणि तिचा उगम बाहेरच्या वायरिंगमध्ये निघाला तर वाद त्याहून मोठा होतो.

मागच्या कॅमेऱ्याबाबत एक सावधगिरी वेगळी. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारींत मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे आहेत. काही गाड्यांत त्यांचे चित्र वा आवाज मूळ स्टिरिओतूनच येतो. स्टिरिओ बदलल्यावर सेन्सर पूर्वीसारखे बोलतात का, हे दुकानातून निघण्याआधी तपासायला हवे.

पैसे देण्याआधी काय तपासावे?

गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाकावा आणि कॅमेऱ्याचे चित्र किती सेकंदांत येते ते पाहावे. डबा जागा व्हायला अर्धा मिनिट घेत असेल तर सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना तो कॅमेरा निरुपयोगी. चारही स्पीकर एकेक करून वाजवावेत. कॉल लावून समोरच्याला आवाज स्पष्ट जातो का ते विचारावे. मायक्रोफोन स्क्रीनमागे दडवलेला असेल तर जात नाही. जीपीएसचा अँटेना धातूच्या पट्टीखाली नसावा. रात्री दिवे लावल्यावर स्क्रीन आपोआप मंद व्हायला हवी, अन्यथा काळोख्या घाटात तिचाच उजेड डोळ्यांवर येतो. धोक्याचे दिवे, काच गरम करण्याचा स्विच आणि स्टीअरिंगवरील सर्व बटणे दाबून पाहावीत. काढलेला मूळ स्टिरिओ आणि त्याचे स्क्रू मागून घ्यावेत. अँड्रॉइड डब्यात आपले मुख्य गुगल खाते न टाकता वेगळे खाते वापरणे शहाणपणाचे, कारण गाडी विकताना संपर्क यादी आणि घरचा पत्ताही तिच्यासोबत जातो.

जबाबदारी कोणाची?

१९३० च्या दशकात गाडीत रेडिओ आला तेव्हाही चालकाचे लक्ष उडेल म्हणून अमेरिकेत वाद झाला होता. रेडिओ राहिला, कारण तो कानांनी ऐकायचा होता. टचस्क्रीन डोळे मागते आणि बोटेही. तरी ती सरसकट वाईट नाही. मांडीवर फोन ठेवून नकाशा पाहणाऱ्या चालकापेक्षा, निघण्याआधी पत्ता टाकून समोरच्या पडद्यावर वळणे ऐकत जाणारा चालक निश्चितच सुरक्षित आहे. जुन्या गाडीला मिळालेला मागचा कॅमेरा सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या लहान मुलाचा जीव वाचवू शकतो.

पण हा फायदा आपोआप पदरात पडत नाही. नव्या गाडीतील प्रत्येक भागाची तपासणी होते, बाहेरच्या दुकानात होणाऱ्या या कामाची कोणीच करत नाही. वाहन तपासणीच्या वेळी हँडब्रेकची वायर पाहण्याची पद्धत नाही. दुकानदारांच्या संघटनांनी ती अर्थ न करण्याचा साधा नियम स्वत:हून घातला आणि परिवहन विभागाने चालत्या गाडीत चालकासमोर चित्रफीत दाखवणाऱ्या जोडणीबद्दल दुकानालाही जबाबदार धरले, तर बरेच काही साधेल. तोपर्यंत ते काम ग्राहकालाच करावे लागेल. स्टिरिओची कंपनी, इंच आणि वॉट यांची चौकशी सारेच करतात. ‘ती हिरवी वायर हँडब्रेकलाच जोडा’ हे सांगायला पैसे पडत नाहीत, आणि घरच्यांच्या सुरक्षेसाठी त्या दोन-तीन तासांतले सर्वात महत्त्वाचे वाक्य तेच आहे.